मागच्या आठवड्यातलं रक्त

आठव्या दिवशी टाके सुटले.
वडगावात मागावर ताणा तुटला
तर मी बोलता बोलता गाठ मारते,
दोन बोटांत, न बघता.
इथे माझंच पोट उसवलं
आणि हात चादरीखाली घालून मी नुसती पडून राहिले.

साखर जास्त, हिरेमठ मॅडम म्हणाल्या.
पिशवी काढली तिथलं आत सगळं ठीक,
वरची जखम ऐकत नाही.
रोज सकाळी पट्टी ओली. रोज तोच वास,
खळीच्या भांड्यात विसरून गेलेल्या कांजीचा.

मंगळवारी लॅबमधला शंकरेप्पा आला,
खिशाला दोन पेनं, चपलेचा आवाज नाही.
तीन नळ्या भरल्या. अजून किती, मी विचारलं.
"निम्मदे रक्त री, निमगss कोडतीवि."
दारातनं नवरा: "काय म्हणूलाय तो?"
माझंच मला देणार म्हणे.

यंत्र बघायचंच, म्हणून हट्ट धरला.
चाकाच्या खुर्चीतनं नेलं.
झाकण पडलं, घरघर सुरू झाली
आणि मला वाटलं, कुणीतरी कांड्या भरायला बसलंय.
नवव्या वर्षापासून हा आवाज माझ्या कानात आहे.
ह्याच आवाजात मी पाढे विसरले,
ह्याच आवाजात स्थळ बघायला आलेली माणसं
चहा पिऊन गेली.

थांबल्यावर त्याने नळी उजेडात धरली.
तळाला तांबडं,
वर कडब्याच्या रंगाचं पाणी,
मधे एक पांढरी रेघ, सुतापेक्षा बारीक.
"जे काय आहे ते ह्या रेघेपाशी," तो म्हणाला.
आमच्या गावात रेघेपाशी काय काय असतं
ते मी बोलले नाही.
बंदच्या दिवशी मागाला कुलूप लागतं
आणि त्या दिवसाची मजुरी मिळत नाही,
मला ठाऊक आहे ते एवढंच.

"पण हे माझं कुठलं?"
चौदा महिने नुसती वाहत होते,
तेव्हा ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या चढवल्या, परक्या माणसांच्या.
वर गट लिहिला होता, तारीख लिहिली होती.
नाव नव्हतं. कुठल्या भाषेत हसतात ते नव्हतं.
त्यांचंही ह्यात असणार की.

शंकरेप्पा थांबला. पेन काढलं, परत ठेवलं.
"ते तांबडं, बाई. ते टिकतं पुष्कळ दिवस.
ह्या पेशी आठ-दहा दिवसच जगतात.
ह्या नळीतल्या सगळ्या मागच्या आठवड्यातल्या.
तुमच्याच हाडांत झालेल्या."

मागच्या आठवड्यात मी काय केलं?
अंबील प्यायले. थर्मामीटर तोंडात धरला.
शेजारच्या खाटेवर गोकाकची बाई,
तिचं बाळ रडलं की मी भिंतीकडे तोंड करायची.
भिंतीवर पोपडा होता, त्याचा आकार पिशवीसारखा.
आता आपल्यात काही होणार नाही,
असं त्याला रोज सांगायची.
आणि आत, हाडांत,
मला न विचारता
रात्रपाळी चालू होती.

दुपारी मॅडमनी ते पिवळं जखमेत सोडलं,
घट्ट होऊन बसेपर्यंत थांबल्या.
खात्री देत नाही, म्हणाल्या. बघू.
मला ते आवडलं. यार्नवालाही
रंग टिकेल अशी खात्री देतो,
आणि पहिल्या धुण्यात पाणी लाल होतं.

पुढच्या सोमवारी पट्टी कोरडी निघाली.
दुसऱ्यांदा सोडलं, तिसऱ्यांदा लागलंच नाही.
कडेने गुलाबी पट्टा आत सरकत होता,
किनारीसारखा, एका बाजूला वाकडा.
वाकडी किनार निघाली
तर शेठ रुपयामागे चार आणे कापतो.

मी सिस्टरकडे आरसा मागितला.
गोकाकच्या बाईने विचारलं, "एन नोडतीरी?"
काय बघता?
ये, म्हटलं, तूही बघ.
बाळ काखेत घेऊन ती आली.