वीस काड्या

काडेपेटी माझी नाही, खात्याची आहे.
पाहणीच्या सामानात तिचा नंबर चौथा:
घड्याळ एक, पेन्सिली दोन,
लघवीच्या बाटल्या चाळीस, काडेपेटी एक.
रक्त काढायच्या सुया एप्रिलपासून संपल्यात.

वीस काड्या टेबलावर पसरायच्या,
दहा डावीकडे, दहा उजवीकडे,
आणि सांगायचं, भर बघू पेटीत,
एकदा या हाताने, एकदा त्या.
किती सेकंद लागले ते लिहायचं.
पारा बोटांत कुठवर उतरलाय
ते काड्याच बोलतात.

न्यामिझी आली, पाठीला पोर बांधलेलं.
वाकून "शिकामू" म्हणाली,
कांगेच्या टोकाला हात पुसले,
आणि मी सांगायच्या आतच काड्या मोजल्या.
इथे सोनं काडीवर तोलतात.
दलालाच्या तराजूत एका पारड्यात काडी,
कधी अर्धी,
कधी गूल मोडलेली.
"वीस काड्या सोनं," ती म्हणाली,
"मी एका जागी कधी पाहिलं नाही, मावशी."

मग भरायला लागली.
तिसरी काडी पेटीच्या कडेवर अडली,
सातवी पडली,
आठवी पडली, ती शोधताना नववी.
ती हसली. रात्री झोप नाही म्हणाली.
पाठीवरून पोराने हात काढला
आणि पहिल्याच झेपेत एक काडी पकडली, घट्ट.
त्याच्यासाठी रकाना नाही.
न्यामिझी, वय चोवीस: एकावन्न सेकंद.
माझे अठरा होतात. मी तिच्या दुप्पट वयाची.

प्रश्न सतरावा. पारा कुठून आणता?
"मबोजे देतो. फुकट.
सोनं मात्र त्यालाच घालायचं."
प्रश्न अठरावा. जाळता कुठे?
"चुलीवर."
कुठल्या चुलीवर?
तिने माझ्याकडे बघितलं, जसं मी शाळेतल्या मुलांकडे बघते.
"चूल एकच असते ना, मावशी."

नवा नियम माझ्या पिशवीत आहे, अकरा पानी.
झाकणाचं भांडं हवं, धुराडं हवं,
वस्तीपासून दोनशे पावलं लांब शेड हवी.
आणि हे सगळं परवानाधारकाने करायचं.
परवाना म्वांझात राहणाऱ्या एका माणसाच्या नावावर.
तो इथे दोनदा आला, दुसऱ्यांदा गाडीतून उतरला नाही.
न्यामिझी कसलीच धारक नाही.
ती गाळ धुते.

तरी मी म्हटलं, घरात जाळू नकोस.
सरकारी आवाजात म्हटलं.
ती म्हणाली, "बाहेर वारा असतो.
आणि बघणारे असतात."

व्यवसायाच्या रकान्यात चारच पर्याय छापलेत:
शेती, मासेमारी, खाणमालक, घरकाम.
मी घरकामावर खूण केली.
खोटं लिहिलं असं वाटलं नाही,
तेच जास्त खुपलं.

उठताना तिने विचारलं,
पेटी ठेवू का? घरातली संपली.
मी म्हटलं, खात्याची आहे गं.
मग वाटलं, खातं काय पेटवणार आहे.
दिली.

संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावरून
तिच्या छपरातला धूर दिसला.
आधी लाकडाचा, तो मला ओळखता येतो.
थोड्या वेळाने नुसतं छप्पर थरथरल्यासारखं झालं,
ना रंग, ना वास.
तव्यावर आता ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी उरलं असेल,
पिवळं, खरखरीत,
दोन काड्या भरेल, मबोजेच्या मनात असेल तर.
पोर पाठीवरच असेल.
उगालीचं पातेलं बाजूला, झाकण घातलेलं की नाही,
एवढ्या लांबून कसं दिसणार.

यादीत लिहिलं: काडेपेटी एक, गहाळ.
नवी यायला दोन महिने.
उद्या मक्याचे दाणे नेईन,
मोजून वीस.
दाणे लहान असतात, सेकंद जास्त लागतील,
वर कुणीतरी विचारेल, आकडे एकदम कसे वाढले.
विचारू दे.