एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस

पहिली दाखवली ती धुळ्याला, पारोळा रोडवर. पांढरीशुभ्र.
मीटरवर एकतीस हजार, सीटवर अजून प्लास्टिक,
आणि दलालाच्या तोंडात,
"डॉक्टरांची गाडी, ताई. फक्त घर ते दवाखाना."
गुलाब मिस्त्री काही बोलला नाही. खाली वाकला,
ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला.
रबर गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं.
"मीटर काहीबी सांगी, ताई.
पाय खोटं बोलतस नही."

मला पटलं. बावीस वर्षं मी तरी काय करतेय?
बोराडीच्या वरच्या पाड्यांवर बाईला वय विचारलं
की ती नवऱ्याकडे बघते, नवरा झाडाकडे,
आणि म्हणतो, लिहा पंचवीस.
मी पंचवीस लिहिते
आणि टाचा बघते,
पापणी खाली ओढून आतला रंग बघते.

दुसरी शिरपुरातच, करवंद नाक्यामागे,
पत्र्याच्या शेडखाली, राखाडी. धुळीने आणखी राखाडी.
मालक दगाजी निंबा बोरसे, पाटबंधाऱ्यातून निवृत्त.
त्यांना विकायची घाई नव्हती,
किंमत सांगायचीही नव्हती.
मीटर: एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस.
भाऊ फोनवर ओरडला, लाखाच्या वर? डोकं फिरलंय का तुझं?
जणू नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत गाडी कुमारिका
आणि पुढच्या वळणावर एकदम म्हातारी.

दगाजींनी आतून रजिस्टर आणलं.
तारीख, गाव, लिटर, किलोमीटर. निळी शाई,
कालव्याच्या पाळ्या लिहाव्यात तशी उभी-आडवी घरं.
सुरुवातीला लग्नं. सप्तशृंगी. सावद्याला साडूकडे,
येताना डिकीत केळी, असंही लिहिलेलं.
मग एका मार्चपासून
मंगळवार, धुळे, येणं-जाणं एकशे चार.
शुक्रवार, धुळे, एकशे चार.
मंगळ. शुक्र. मंगळ. शुक्र.
पोळ्याला मंगळ. आखाजीला शुक्र.
पाच वर्षं.

ही वारं मला पाठ आहेत.
मनगटावर फुगलेली शीर,
पेल्यावर खूण करून दिलेलं पाणी,
परतीच्या वाटेवर बाजूच्या सीटवर लागलेला डोळा.
मी काही विचारलं नाही. पानं उलटत राहिले.
एका शुक्रवारनंतर
घरं आखलेली, आत काही नाही.
चौदा महिने.

बॉनेटखालून मिस्त्रीचा आवाज आला,
"चालेल गाडीनी भीती नही, ताई.
उभी राहेल शे, तेनी भीती."
बॅटरी मुकी. टायर एका बाजूने बसलेले.
उंदराने वायर कुरतडलेली, पाइपाला भेगा.
लाखभर किलोमीटरनं जे केलं नाही
ते या शेडनं केलं होतं.
"रोज सुरू करायची म्हणायचो," दगाजी म्हणाले,
"बसायचो, चावी लावायचो.
पण जायचं कुठं?"

मी बॅटरीचे चार हजार तोडले, टायरचे सहा.
वायरीचे, पाइपाचे मिस्त्रीनं तोडले.
किलोमीटरचा एक रुपया तोडला नाही.
हे भावाला सांगितलेलं नाही.

रजिस्टर त्यांनी दिलं नाही.
मागची कोरी पानं तेवढी
पट्टी लावून, नीट फाडून दिली.
"आखलेली आहेत," म्हणाले, "वाया कशाला?"

सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडून पाहिली, उगाच,
आणि परत आले.
बाजूची सीट मागे कललेली, तिथेच अडकलेली.
मिस्त्री म्हणतो सरळ करून देतो.
बघू.
पहिल्या पानावर लिहिलं:
सोमवार, बोराडी, येणं-जाणं चव्वेचाळीस.
तिसऱ्या गिअरला एक खट्ट होतो.
तो राहील म्हणाला.