एक, पाच, तीन, सहा, दोन, चार

रस्त्यावर काही नाही, बेनात म्हणाला.
एल्कोपासून इथवर सत्तर मैल, लोण्यासारखी आली.
उभी राहिली की मात्र –

मात्रच्या पुढचं त्याने हातानेच सांगितलं:
पंजा उघडला, मिटला, उघडला,
आणि मध्येच एक झटका,
झोपेत कुत्र्याचा पाय उडतो तसा.

गाडी अठ्ठ्याहत्तरची. रंग कधीकाळी हिरवा.
मागे तारेचं भेंडोळं, मेंढ्यांच्या मिठाचं अर्धं पोतं.
बॉनेट पेलायची मूळची सळई कुठे गेली देव जाणे,
आता तिथे कुऱ्हाडीचा दांडा.

गार होती तोवर नीट चालली.
चोक उघडला, इंजिन तापलं, आणि उचकी सुरू.
कोण आठवण काढतंय हिची? मी म्हणाले.
तो हसला नाही.

सहा सिलिंडर एका ओळीत बसलेले,
पण पेटतात ते ओळीने नाही:
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
वडिलांनी हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं.
अजून सरळ मोजताना
जीभ पाचाकडे उडी मारते.

एकेक वायर काढत गेले.
एकाची काढली, इंजिन लंगडलं; लावली, सावरलं.
पाचाचं तेच, तिनाचं तेच.
सहाची काढली
आणि काहीच झालं नाही.
पंगतीतून एक जण उठून जावा
आणि वाढप्याने तसंच पुढे सरकावं.

ठिणगी निळी, टणक.
प्लग पांढुरका, कोरडा.
दाब एकशे चाळीस, बाकीच्यांइतकाच.
म्हणजे आजारी नाही, उपाशी आहे.
म्हणजे कुठूनतरी वारा शिरतोय.

गिऱ्हाइकाला वारा समजावणं अवघड.
वेगात इंजिनाचा घसा मोकळा असतो,
चोरट्या चिमूटभर हवेचं त्याला काही वाटत नाही.
उभं राहिलं की ते मिटल्या ओठांनी श्वास ओढतं,
मग सुईएवढं भोकही हिशेबात येतं.
बेनात म्हणाला, मी उभा कुठे राहतो.
सात वर्षं झाली.

नळीचं एक टोक कानाला लावलं,
दुसरं मॅनिफोल्डवरून फिरवलं.
नुसती खळखळ, पट्ट्याची कुरकुर,
आणि पार मागे, सहाच्या वर, अंधारात
एक शीळ. दातांच्या फटीतून घातलेली.

बोटं घातली. भाजली. परत घातली.
रबरी टोपण हवं तिथे
एक पेन्सिल होती.
लाल, करंगळीएवढी, भोकात ठोकून बसवलेली,
भोवती लोकरीचे सात-आठ वेढे, वर गाठ.
लाकूड वाळून आकसलं होतं, एवढंच.

ते ग्राशियानाचं काम, तो म्हणाला.
जार्बिजच्या घाटात टोपण उडालं, बर्फ पडत होतं.
तिने हिशेबाच्या वहीतली पेन्सिल घेतली,
गुडघ्यावर मोडली,
आणि मला म्हणाली, तू फक्त उजेड धर.
बॅटरीसुद्धा मी नीट धरली नव्हती.

चिमट्याने हळू ओढली.
इंजिन मोठ्याने सुसकारलं, मरायला आलं.
भोकावर अंगठा दाबला
आणि सहावा परत आला.
एक पाच तीन सहा दोन चार
एक पाच तीन सहा दोन चार
मडगार्डवरच्या कपात
कॉफीची वर्तुळं हळूहळू बसली.

टोपण दीड डॉलर, मजुरी वेगळी.
त्याने चेकबुक काढलं, खिसे चाचपले.
मी पेन पुढे केलं.
त्याने ती पेन्सिल घेतली,
लोकर सोडवली, गुंडाळी करून टोपीत ठेवली,
तळहातावर रेघ मारून पाहिली.
उठली नाही.
पेन्सिलीचा चेक बँक घेत नाही, मी म्हणाले.
माहीत आहे, तो म्हणाला, चाकू आहे का?

दिला. तो तिथेच, उघड्या बॉनेटपाशी
टोक काढत राहिला. बुटांवर लाल साल पडली.
इंजिन बंद करू? मी विचारलं.
नको, म्हणाला,
असू दे थोडा वेळ.