तर

बाबा धोपाव्याच्या तरीवर दोरखंड टाकायचे.
गाड्या, म्हशी, नवरा-नवरी, लग्नाची भांडी
या काठाहून त्या काठाला.
सगळ्यांशी हसून बोलायचे, असं लोक सांगतात.

घरी स्वयंपाकघर ते पडवी
ही फेरी माझी.
"त्यांना विचार, भात घालू का."
"तिला सांग, कालवण खारट झालंय."
दहा पावलं. मी सात वर्षांची.
खारट हा शब्द वाटेतच पुसून टाकायचे
नि 'पुरे म्हणाले' एवढंच उतरवायचे.

शेजारी मुकादमांकडे पहिल्यांदा जेवले
तेव्हा सकीनाचाची नि चाचा
बांगड्याच्या तिखल्यावरून असे कडाडले
की मी ताट ठेवून दाराशी जाऊन उभी राहिले.
"कुठं चाललीस गं?" चाची म्हणाली,
"ह्यांना काटे काढता येत नाहीत, एवढंच आहे."
आणि त्यांच्याच ताटातला बांगडा सोलत बसली.
चाचा तणतणत खात होते.
मला कुणीच काही पोचवायला सांगितलं नाही.

उधाण कधी, भांग कधी,
समुद्राचं तरी तिथीवरून कळतं.

आज फोन आला. मी चिपळुणात, ओट्याशी.
"त्यांना सांग, बीपीच्या गोळ्या संपल्यात."
बाबा तिथंच, पडवीत, दहा पावलांवर.
"आई, तूच सांग."

बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
कुणाची, कळलं नाही.
मी फोन कानाशी धरून
ओला हात पुसत राहिले.