काळ्याची किंमत

"नातवासाठी बघताय का?" एस्किलने विचारलं.
म्हटलं, नाही रे बाबा, माझ्याचसाठी.
अठ्ठावन्न वर्षांची बाई, हामरफेस्टच्या धक्क्यावर क्रेन चालवते
आणि घरी आली की ट्रक.
पोरगं ओशाळलं, मग एकदम रंगात आलं.

तीन मॉनिटर ओळीने मांडलेले,
धक्क्याला लागलेल्या बोटी जशा, नाक आमच्याकडे करून.

पहिला आयपीएस. रंगाला सच्चा,
डावीकडून बघा, उजवीकडून बघा, तोच चेहरा.
पण रात्रीचं दृश्य लावलं तर काळ्याच्या जागी
राखेत पाणी ओतल्यासारखं काहीतरी,
आणि खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतोय.

दुसरा व्हीए, बाकदार.
काळा बरा, दाट,
पण गाडी वळवली की मागे सावलीचं शेपूट,
जणू रंगांना निघायला उशीर झालाय.
मी रोज चाळीस मीटर उंचीवर बसते.
दांडा ओढला आणि आकडा हलला
यांच्यामधल्या क्षणाचाच मला पगार मिळतो.
उशिरा येणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तिसरा ओलेड.
यासाठी एस्किलने दुकानातले दिवेच घालवले.
"यात प्रत्येक ठिपका आपापला विझतो," तो कुजबुजला,
देवळात बोलावं तसं.
आणि खरंच.
काळाकुट्ट, काळाभोर, काळामिट्ट,
जेवढे म्हणून काळे असतात तेवढे एकावर एक ओतलेले,
वर दोन-चार चांदण्या, टाचणीने टोचलेल्या.
मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.
बुडेल असं वाटलं.

मग दिवे लागले
आणि त्या चकचकीत काळ्यात मीच उभी:
लोकरी टोपी, वाहतं नाक.

"एकच चित्र फार वेळ ठेवू नका, ठसा राहतो," तो म्हणाला.
माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत माझा पंधरा वर्षांचा ठसा आहे,
मी कुठे तक्रार केली?
पण किंमत ऐकली. अकरा हजार क्रोनर.
पहिल्याचे चार.
म्हणजे सात हजार नुसत्या काळ्याचे.

मी काचेच्या दाराबाहेर पाहिलं.
दुपारचे दोन.
बर्फ खरवडणारी गाडी पिवळा दिवा फिरवत गेली,
तिच्यामागे समुद्र असावा, अंदाजाने.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारी संपताना येईल,
तोही डोकं वर काढून लगेच परत.
दोन महिने अस्सल काळं,
खिडकीभर, घरपोच, फुकट.
ठसा म्हणाल तर तोही पडतो, माणसावर.

आणि आम्ही खेळतो काय?
मी आणि माझी बहीण गेर्ड, रविवारी सकाळी.
ती बर्गनमध्ये पावसाला वैतागलेली, मी इथे.
दोघींचे ट्रक मिठाच्या वाळवंटातून जातात,
ऊन असं की रस्त्याचं पाणी होतं,
काच खाली करून गेर्ड उगाचच हॉर्न वाजवते.
त्या खेळात रात्र होते, नाही असं नाही.
झाली की आम्ही झोपतो, म्हणजे ते बटण दाबतो,
आणि पुन्हा उजाडतं.

"सगळ्यात जास्त उजेड कुणाचा?" मी विचारलं.
एस्किलला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता बहुतेक.
कागद चाळले त्याने, आकडे लावले,
मग जरा खट्टू होऊन पहिल्याकडे बोट केलं.
"आणि हर्ट्झ?"
"एकशे चव्वेचाळीस. पुरेत?"
म्हटलं, ट्रक आहे बाबा, गोळी नाही.

खोकं काखेत बसेना. घसरगाडीवर बांधलं, चढ चढले.
वर शेजारचा ओडवार दिसला, काय आणलंस म्हणाला,
दम लागला होता, नुसती मान हलवली.

आता तो टेबलावर आहे, खिडकीला पाठ करून.
गेर्डने कानात विचारलं, काय घेतलंस गं शेवटी?
मी सांगितलं, दुपार.

रात्री त्याच्या उजव्या कोपऱ्यातून
थोडा उजेड गळतो.
गळू दे.