फाटकाचा खांब

डिगरी लसकमच्या शेताचं फाटक
पणजोबापासून एकाच दगडावर झुलत आलं.
बिजागरीसाठी पाडलेली दोन भोकं,
शिसं ओतून बसवलेले आकडे,
आणि कमरेच्या उंचीवर एक गुळगुळीत पट्टा,
जिथं गाई मान घासतात.
याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं.
गरजही नव्हती.

मग मार्चमध्ये आली थॉमझिन येओ,
पॅरिशचे जुने कागद चाळणारी,
गुडघाभर चिखल, पिशवीत मोजपट्टी आणि एक उकडलेलं अंडं.
खांबाभोवती तीनदा फिरली.
वरचं टोक चाचपलं: ओबडधोबड,
मातीत जायचं म्हणून कुणी न घडवलेलं.
म्हणाली, "हा उलटा उभा आहे, मिस्टर लसकम.
याचं डोकं जमिनीत आहे."

डिगरी म्हणाला,
"फाटक नीट लागतं ना?"

तिनं त्याला माळ दाखवला,
जो तो जन्मापासून बघत होता.
तिथं पूर्वी वाट नव्हती, म्हणे, नुसते दगडी क्रूस होते.
एकापाशी उभं राहिलं की पुढचा दिसे,
धुकं नसेल तर.
असेल तर हाक मारायची आणि बसून राहायचं.
वरच्या वाड्यांतलं माणूस गेलं
की आठ मैल खांद्यावरून न्यायचे चर्चपर्यंत,
दलदल चुकवत, ओढ्यातून, जानेवारीतसुद्धा.
इथं टेकवायचे. इथं खांदेकरी बदलायचे.
या दगडाला ना शेंदूर, ना तेल, ना कुणाचा नवस.
त्याचं काम एवढंच सांगणं:
वाट चुकलेली नाही, अजून चार मैल.

पुढं कधीतरी त्याचा एक हात तुटला.
धर्मासाठी तोडला
की गवताची गाडी वळेना म्हणून,
कागदात नाही.

ऑक्टोबरात पुतण्या जेगोनं ट्रॅक्टर आणला.
साखळी दोनदा निसटली.
तिसऱ्यांदा जमिनीनं
दात सोडावा तसा दगड सोडला,
आणि खड्ड्यात लगेच पाणी भरलं, तपकिरी, चहासारखं.
जेगोनं बादलीनं माती धुतली.

बाहेर राहिलेलं सगळं पावसानं चाटून नेलं होतं.
पण पुरलेल्या डोक्यावर
छोटासा कोरीव क्रूस होता,
छिन्नीचे घाव काल मारल्यासारखे.
आणि खालच्या रेघेत पाथरवटाची एक चूक:
जरा जास्त पुढं गेलेली,
मग लक्षात येऊन थांबलेली.

डिगरी वाकला. त्यानं हातमोजा काढला,
अंगठा त्या रेघेत ठेवला,
शेवटापर्यंत नेला.
चाळीस वर्षं त्यानं दगडी बांध रचलेत.
"जेवायची वेळ झाली असणार त्याची,"
तो म्हणाला,
आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

आता क्रूस तिठ्यावर आहे, सरळ.
व्हिकर बाई येऊन गेल्या, पाच मिनिटं,
वारा एवढा की प्रार्थना कुणालाच ऐकू आली नाही.
थॉमझिननं फोटो काढले, त्यातल्या एकात
डिगरी डोळे मिटलेला आहे.
नवा खांब ओकचा. फाटक आताशा जमिनीला घासतं,
रोज उचलून लावावं लागतं,
आणि रोज तो एक शिवी हासडतो,
कुणाला, ते नक्की सांगता येत नाही.

सकाळी कळप तिठ्यावरून जातो.
म्हातारी डॅमसन गाय तिथं अडते.
तो गुळगुळीत पट्टा आता पार खाली गेलाय,
तिच्या खुरांपाशी. ती वाकून हुंगते.
ओळख पटते की नाही, कोण जाणे.
मग डोकं वर करून
उरलेल्या एका हाताखाली मान देते
आणि घासू लागते, डोळे अर्धे मिटून.
मागं पोस्टाची लाल गाडी हॉर्न देते.
डिगरी वळून न बघता
हात वर करतो.