वजनकाटा

गिरणीतला काटा दळणाचा आहे,
पण मे महिन्यात त्यावर पोरं चढतात.
काचेवर पंचावन्नला मी खडूची रेघ मारलीय.
आत बसला तर किशोर गट,
बाहेर गेला तर घरी जाऊन भात कमी कर.

गोफण क्रीडा मंडळ, शिवडी.
सलग अकरा सामने हरलो.
गेल्या साली पहिल्या श्रेणीतून खाली आलो,
आणि खालूनही अजून खाली जाता येतं
हे अध्यक्षांना यंदा नियमावली वाचताना कळलं.

चढाईचा पोरगा बँकेनं नेला.
उजवा कोपरा रेल्वेनं.
डाव्या कोपऱ्याचं लग्न झालं, तो विरारला गेला,
आणि विरारहून रोज सरावाला येईल
असा माणूस अजून जन्मायचाय.

रात्री साडेनऊला पट्टा उतरवते,
तेव्हा पायरीवर निवड समिती बसते. कुणी नेमलेली नाही.
घागकाका, गोदीतून निवृत्त,
अठ्ठ्याहत्तरची फायनल पाहिलेले,
निदान तसं सांगणारे.
फर्नांडिस टेलर, पाठीवरचे आकडे शिवतो,
सात नंबर त्यानं अजून कुणाला दिला नाही,
घडी घालून कपाटात ठेवलाय.
रझिया, जिच्या भावाचा गुडघा मैदानातच राहिला,
आणि मी, केसांत पीठ.

उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर
आमचा पुढचा संघ लिहिलेला आहे.
सालियनचा धाकटा. साडेतेरा. घोटा धरला की सोडत नाही.
कांबळींची जुळी. कोणता कोण, पंचांनाही कळू नये.
तेजस भुवड. चौदा. पाय लांब. गणितात नापास, चालेल.

एकोणतीस साली बघा, घागकाका म्हणतात,
ही पोरं एकत्र आली की एकोणतीस साली बघा.
मग बोटांवर काहीतरी मोजतात
आणि मध्येच थांबतात.
आम्ही चहाकडे बघतो.

रविवारी नायगावला एकेचाळीस-एकोणीस.
सामना केव्हाच गेलेला, अर्धे लोक चपला शोधत होते,
तेव्हा शेवटच्या चढाईला तेजसला पाठवला.
चौघांनी धरला. दम चालूच होता,
कबड्डी कबड्डी, मातीत तोंड, तरी कबड्डी,
चौघांना ओढत सरकला,
आणि हात मध्यरेषेच्या अलीकडे पडला.
एक बोटभर.

त्या बोटावर आमचा आठवडा गेला.
सोमवारी घागकाकांनी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं,
बुधवारी चिमटीनं,
शुक्रवारी तो पोचलाच होता,
पंच आंधळा होता.

मला एक ठाऊक आहे, पायरीवर बोलत नाही.
ज्या दिवशी तो खरंच तयार होईल
त्या दिवशी कुठल्यातरी बँकेचं पत्र येईल,
आई पेढे घेऊन इथे येईल,
मी दोन खाईन.
तरी वहीत त्याच्या नावाला
दर महिन्याला पेन्सिल फिरवून ठळक करते.

आज संध्याकाळी चढला काट्यावर.
बूट काढले, पट्टा काढला,
गळ्यातला ताईतही काढून माझ्या हातात दिला.
पंचावन्न, चारशे.
मावशी, जरा नीट बघा ना.

बावीस वर्षांत ज्वारीच्या दाण्यापुरतंही
हा काटा खोटं बोललेला नाही.
उद्या सकाळी ये, म्हटलं, काही न खाता.
तो गेला. दारातून बाहेर पडताना
डोकं वाकवलं त्यानं, चौकटीला लागेल म्हणून.
मार्चमध्ये वाकवत नव्हता.

घागकाका दोन किलो गहू घेऊन आले.
सांगितलं त्यांना.
वाढतोय तर वाढू दे, म्हणाले, कुमार गटात घेऊ,
आणि अजून एक नाव आहे, लिहून घे,
कोळीवाड्यातला, बारा वर्षांचा,
काय पाय आहेत त्याचे,

तेवढ्यात मी गिरणी चालू केली होती,
पुढचं ऐकू आलं नाही.
काका बोलतच होते.